मॅडिसन अव्हेन्यूच्या खोलीत कोण बसतं

जाहिरातीच्या धंद्यात क्लिओ नावाचा एक मानाचा पुरस्कार आहे. सडपातळ, सोनेरी, शिल्पकार ब्रांकुशीच्या पक्ष्याच्या शिल्पाची आठवण करून देणारी मूर्ती. ज्या एजन्सीला ती मिळते, ती स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवते. ही मूर्ती ज्याच्या हातची, त्याचं नाव जॉर्ज ओल्डन. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये १९२० साली जन्मलेला कृष्णवर्णीय कलाकार, गुलामाचा नातू. सीबीएस वाहिनीच्या पडद्यावरची अक्षरं आणि चित्रं कितीतरी वर्षं त्याच्या देखरेखीखाली होत होती. पुढे तो बीबीडीओ या जाहिरात एजन्सीत गेला, तिथून मॅककॅन-एरिक्सनमध्ये. १९६३ साली गुलामगिरीतून मुक्तीच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने काढलेलं पाच सेंटचं तिकीट त्याने रेखाटलं: निळ्या रंगावर काळी, तुटलेली साखळी. अमेरिकेचं टपाल तिकीट रेखाटणारा तो पहिला कृष्णवर्णीय. स्वतः घडवलेली क्लिओ त्याने पुढे आपल्या कामासाठी जिंकलीही.

१९७० साली एजन्सीने त्याला कपातीत घरी पाठवलं. रंगामुळे काढलं, अशी त्याने तक्रार केली आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने पुढे गेलं. १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून त्याचा मृत्यू झाला, तेव्हा सुनावणी अजून व्हायची होती.

एका माणसाच्या गोष्टीवरून अख्ख्या धंद्याबद्दल निकाल देऊ नये, हे मला कळतं. पण ओल्डनला काढलं त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली आणि या काळात न्यूयॉर्कच्या जाहिरात एजन्स्यांनी कृष्णवर्णीयांना नोकऱ्या देण्याबाबत जी जी आश्वासनं दिली, ती एकापाठोपाठ एक मांडून बघितली की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गाजावाजा होतो, समिती बसते, करार होतो, प्रशिक्षणाची योजना निघते, आणि वरच्या हुद्द्यांवरचा आकडा जागचा हलत नाही. माझं म्हणणं असं आहे की तो हलणारही नाही, जोवर प्रत्येक हुद्द्यावर कोण बसलंय याची मोजणी दरवर्षी जाहीर होत नाही आणि त्या मोजणीवर एजन्सीला मिळणारं काम अवलंबून राहत नाही. सदिच्छेवर हा धंदा साठ वर्षं चालला. सदिच्छेची परीक्षा घेऊन झाली आहे.

मी स्वतः अकरा वर्षं मुंबईतल्या एका एजन्सीत मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिली. लिहिली म्हणजे बहुतेक वेळा ‘अडॅप्ट’ केली. संध्याकाळी सहाला इंग्रजी आणि हिंदी ओळी यायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अंधेरीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग असायचं. एकदा मुलांच्या नाश्त्याची फिल्म आली. आई बशीत दूध ओतते, मुलगा चमच्याने खातो आणि दप्तर उचलून पळतो. मी म्हटलं, ‘साताऱ्याच्या, नगरच्या घरांत मूल सकाळी चहा-चपाती खाऊन निघतं, हे चित्र तिथे परकं वाटेल.’ समोरच्याने घड्याळ बघितलं आणि शांतपणे सांगितलं, ‘फिल्म शूट झालीय. तू फक्त ओळ बसव, तीस सेकंदांत.’ तो वाईट माणूस नव्हता. त्याला माझं म्हणणं पटलंही असेल. पण मला विचारायची वेळ आली तोवर ठरवायचं काही उरलंच नव्हतं. ज्या खोलीत ती आई, ती बशी आणि ते दूध ठरलं, तिथे मराठी कॉपीरायटरला बोलावण्याची पद्धतच नव्हती.

हा अनुभव मी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या अनुभवाच्या बरोबरीने ठेवत नाही. माझ्या आडनावामुळे किंवा रंगामुळे मला कुणी कधी दारात अडवलेलं नाही. पण खोलीत असणं आणि खोलीबाहेर ओळ बसवत बसणं यांतला फरक मला तिथे कळला. म्हणून न्यूयॉर्कचा इतिहास वाचताना क्लॅरेन्स होल्टेच्या नावाशी मी थबकले. बीबीडीओने त्याला १९५२ साली घेतलं. मोठ्या एजन्सीत कृष्णवर्णीय माणूस अधिकारी म्हणून येणं त्या काळी फार मोठी गोष्ट होती. त्याच्याकडे विभाग दिला तो वेगळा: कृष्णवर्णीय ग्राहकांचा बाजार. म्हणजे आपल्या लोकांना कसं विकायचं ते तू सांग, बाकीच्या देशाला काय विकायचं ते आम्ही बघतो. पुढची कित्येक वर्षं एजन्स्यांमध्ये शिरण्याची कृष्णवर्णीयांची वाट मुख्यतः हीच राहिली. ‘खास बाजार’ नावाची ही खोली आत असूनही बाहेरची होती. तिचं बजेट लहान असे, आणि कपातीची वेळ आली की पहिला नंबर तिचा लागे.

ही वाट सोडून आत गेलेली माणसं होती. रॉय ईटन हा पियानोवादक १९५५ साली यंग अँड रुबिकॅममध्ये लागला, तो कुठल्या खास बाजारासाठी नव्हे तर सगळ्यांसाठी जिंगल रचायला. टेक्साकोच्या पेट्रोलपंपांची त्याने रचलेली धून त्या पिढीतले अमेरिकन म्हातारपणीही गुणगुणत. ऐकणाऱ्यांना ती कुणी बांधली याचा पत्ता नव्हता. कॅरल विल्यम्स शिकागोच्या लिओ बर्नेटमध्ये कॉपी लिहायची. पुरुषांना पुरेल इतकं जोरकस, पण बायकांसाठी बनवलेलं, अशा अर्थाची ‘सीक्रेट’ या डिओडरंटची तिची ओळ वर्षानुवर्षं चालली, आणि ती त्या एजन्सीची पहिली कृष्णवर्णीय महिला क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे जाहिरातींच्या कल्पना ठरवणारी प्रमुख, झाली. या दोघांनी जे लिहिलं, रचलं, ते साऱ्या अमेरिकेने आपलं मानलं. ‘त्यांना त्यांच्याच लोकांसाठी लिहिता येतं’ हा समज त्यांच्या कामानेच खोटा पाडला होता. तरी तो समज टिकला.

बार्बरा गार्डनर प्रॉक्टरची हकीकत मला सगळ्यांत बोलकी वाटते. शिकागोतल्या एका एजन्सीत ती कॉपीरायटर होती. केसांच्या फेसाच्या जाहिरातीसाठी एक कल्पना पुढे आली: नागरी हक्कांच्या मोर्च्यांची नक्कल करायची, बायका रस्त्यावर उतरून फेस मागताहेत असं दाखवायचं. ज्या मोर्च्यांत माणसांवर कुत्री सोडली गेली, पाण्याचे फवारे मारले गेले, त्यांची ही थट्टा. तिने लिहायला नकार दिला. नोकरी गेली. १९७० साली तिने सरकारी कर्ज काढून स्वतःची एजन्सी थाटली आणि नाव ठेवलं ‘प्रॉक्टर अँड गार्डनर’. दोन्ही आडनावं तिचीच, एक सासरचं, एक माहेरचं. ऐकणाऱ्याला वाटावं की दुसरा भागीदार कुणी पुरुष असेल, म्हणजे दार उघडेल. इतकी बुद्धी आणि इतकी हिंमत असलेल्या बाईला दाराबाहेर उभं राहून अशी युक्ती करावी लागली, याचा मला आजही संताप येतो.

त्या खोलीत ती एकटी होती, हे इथे महत्त्वाचं. अशी कल्पना ऐकून ‘हे नको’ म्हणणारे चारजण असते, तर नोकरी जाण्याची वेळ आलीच नसती. एकट्या माणसाचा नकार हा बंडखोरी ठरतो, चौघांचा नकार मत ठरतो. हुद्द्यांवर एखादं नाव दाखवून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता आश्वासनांचा क्रम बघू. १९६०च्या दशकात अर्बन लीग आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी मॅडिसन अव्हेन्यूला (न्यूयॉर्कच्या या रस्त्याच्या नावाने तिथला जाहिरात धंदा ओळखला जातो) जाब विचारायला सुरुवात केली. १९६८ साली न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने जाहीर सुनावण्या घेतल्या. एजन्स्यांनी भरती वाढवण्याचं कबूल केलं आणि काही वर्षं ती वाढलीही. मग सत्तरच्या दशकात मंदी आली, आयोगाचं लक्ष उडालं, आणि शेवटी आलेले सगळ्यांत आधी गेले. २००६ साली त्याच शहराच्या त्याच आयोगाने पुन्हा तपास केला. सोळा एजन्स्या, सुमारे आठ हजार नोकर. त्यांतले २२ टक्के वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त कमावत होते, आणि या कमावत्यांत कृष्णवर्णीय होते फक्त अडीच टक्के. न्यूयॉर्क शहर, जिथे तेव्हा जवळपास दर चार माणसांमागे एक कृष्णवर्णीय होता! एजन्स्यांच्या प्रमुखांना जाहीर सुनावणीत उभं करण्याची वेळ आली, तेव्हा करार झाले: भरतीची उद्दिष्टं ठरवू, तीन वर्षं अहवाल देऊ. सुनावणी टळली. तीन वर्षं संपली, कराराची मुदतही संपली.

२००९ च्या जानेवारीत एनएएसीपी आणि वकील सायरस मेहरी यांनी मॅडिसन अव्हेन्यू प्रकल्प नावाने मोहीम उघडली. तिच्यासाठी बेंडिक आणि ईगन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास मला या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा कागद वाटतो, कारण त्याने नेहमीच्या सबबीलाच हात घातला. त्यांनी विचारलं: पात्रता जमेला धरली, तर जाहिरात धंद्यात व्यवस्थापक आणि व्यावसायिक जागांवर किती कृष्णवर्णीय असायला हवे होते? उत्तर आलं ९.६ टक्के. प्रत्यक्षात होते ५.३ टक्के. आणि जे होते, त्यांतल्या पदवीधरांना तितक्याच पात्रतेच्या गोऱ्या सहकाऱ्याच्या एका डॉलरमागे ऐंशी सेंट मिळत होते. ‘तयार माणसंच मिळत नाहीत’ या वाक्याचा आधार इथे निखळून पडतो. माणसं तयार होती, देशाच्या इतर धंद्यांत कामही करत होती. इथे त्यांना घेतलं नव्हतं, आणि घेतलं तर कमी पगारावर.

ही सबब दुसऱ्या बाजूनेही तपासता येते. अमेरिकी एजन्स्यांच्या संघटनेने अल्पसंख्याक तरुणांसाठी उन्हाळी उमेदवारीची योजना सुरू केली १९७३ साली. पन्नासहून अधिक तुकड्या तिच्यातून बाहेर पडल्या. पहिल्या तुकडीतली मुलं आज निवृत्त झाली असतील. इतकी वर्षं पाणी भरूनही हौद रिकामा असेल तर नळाकडे बघत बसण्यात अर्थ नाही, हौदाचं बूड तपासायला हवं. खाली दार उघडायचं आणि वरच्या मजल्याचा जिना तसाच ठेवायचा, अशी ही रचना आहे.

तो जिना कसा आहे, ते धंद्यात राहिलेल्यालाच नीट दिसतं. जाहिरातीत नोकरी पदवीवर मिळत नाही, ‘बुक’वर मिळते, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांवर. ऐकायला हे सगळ्यांत न्याय्य वाटतं: काम बघा, माणूस बघू नका. पण बुक तयार होतं कुठे? अमेरिकेत त्यासाठी पोर्टफोलिओ स्कूल असतात, पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं, हजारो डॉलर फी भरून. त्यानंतर उमेदवारी, आणि ती वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा नावापुरत्या पगारावर, तीही मॅनहॅटनमध्ये, जिथे खोलीचं भाडं भल्याभल्यांना झेपत नाही. ज्याच्या घरून महिन्याला पैसे येतात त्यालाच हे परवडतं. पिढ्यान्‌पिढ्या घर घेण्याचं कर्जसुद्धा ज्यांना नाकारलं गेलं, त्यांच्या घरून हे पैसे कुठून येणार?

समजा, बुक झालं. मग ते बघतं कोण? क्रिएटिव्ह डायरेक्टर. तो नव्या एजन्सीत येतो तेव्हा आपली माणसं बरोबर घेऊन येतो. कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर जोडीने काम करतात, आणि जोडीनेच नोकरी बदलतात. जागा निघाल्याची बातमी जाहिरातीत येण्याआधी फोनवर फिरते. जाहिरात करणं हाच ज्यांचा धंदा, ते आपल्याकडच्या रिकाम्या जागेची जाहिरात मात्र सगळ्यांत शेवटी देतात. मुलाखतीत कौशल्याचे प्रश्न थोडे आणि गप्पा जास्त: कुठल्या फिल्म आवडतात, सुट्टीत कुठे जातोस, कुणाबरोबर शिकलास. शेवटी विचार होतो तो ‘फिट’चा. ‘हा आपल्यात बसेल का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वंशाचा विचारही नसतो, हे मी मान्य करते. तो आपल्यासारखा माणूस शोधत असतो, एवढंच. पण सगळे विचारणारे एका रंगाचे असले की ‘आपल्यासारखा’ या शब्दाचा अर्थ आपोआप ठरून जातो. वाईट हेतू असलेला एकही माणूस नसलेल्या खोलीतही अन्याय अगदी सुरळीत चालू शकतो, आणि म्हणून तो हेतू सुधारून थांबत नाही.

यावर एक लोकप्रिय उत्तर आहे, आणि ते देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते म्हणतात, खोलीत सगळे रंग असले तर जाहिराती चांगल्या होतात, चुका टळतात, माल जास्त खपतो. २०१७ साली पेप्सीने आंदोलनात पोलिसाला कोलाचा कॅन देणारी मॉडेल दाखवली आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात मागे घ्यावी लागली. २०१८ साली एच अँड एमने एका कृष्णवर्णीय मुलाला ‘जंगलातलं सगळ्यात मस्त माकड’ असं छापलेला स्वेटशर्ट घालून उभं केलं. खोलीत कुणीतरी असतं तर हे झालं नसतं, असं प्रत्येक वेळी म्हटलं गेलं. खरं आहे. पण या युक्तिवादात कृष्णवर्णीय माणसाची नोकरी कंपनीची अब्रू वाचवण्याच्या कामाला जुंपली जाते. उद्या कुणी हिशेब मांडून दाखवला की एकरंगी खोलीतूनही माल तितकाच खपतो, तर त्याची नोकरी काढून घ्यायची का? गोऱ्या कॉपीरायटरला कुणी कधी विचारलं नाही की तुझ्या गोरेपणाने विक्री किती वाढली. नोकरी हा माणसाचा पोट भरण्याचा आणि आपली बुद्धी वापरण्याचा हक्क आहे. पात्र माणसाला रंगामुळे ती नाकारली जात असेल तर तो अन्याय आहे, आणि अन्याय थांबवायला खपाचा दाखला लागू नये.

पडद्यावरच्या चेहऱ्यांबद्दलही असंच. आज अमेरिकी टीव्हीवरच्या जाहिरातींत कृष्णवर्णीय कुटुंबं, आंतरवंशीय जोडपी सर्रास दिसतात. ते चांगलंच आहे. पण मॉडेल एक दिवसासाठी भाड्याने आणता येते. क्रिएटिव्ह डायरेक्टरची खुर्ची द्यायची तर पगार, बजेट आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार द्यावा लागतो. पहिली गोष्ट झपाट्याने बदलली आणि दुसरी रेंगाळली, याचं कारण या दोहोंच्या किमतीत आहे.

पैसा फक्त एजन्सीच्या आतच अडतो असं नाही. जाहिरात कुठल्या माध्यमात द्यायची हेही याच खोल्यांत ठरतं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘नो अर्बन’ नावाची सूचना सर्रास चाले: कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवर आमची जाहिरात नको. १९९८ साली रेडिओची जाहिरातजागा विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं अंतर्गत टिपण बाहेर आलं. जाहिरातदाराला गिऱ्हाईक हवं असतं, संशयित नव्हे, असा त्याचा आशय. शेवटी सरकारी नियामकाला २००७ साली रेडिओ-टीव्ही केंद्रांच्या जाहिरात करारांत असा भेदभाव चालणार नाही, असा नियम करावा लागला. कृष्णवर्णीय ऐकणारे, कृष्णवर्णीय केंद्रचालक आणि कृष्णवर्णीय कॉपीरायटर यांचं नुकसान एकाच टेबलावरून होत होतं. शिकागोत मेलरूममध्ये टपाल वाटता वाटता कॉपीरायटर झालेला आणि १९७१ साली स्वतःची एजन्सी काढणारा टॉम बरेल म्हणायचा, कृष्णवर्णीय माणसं म्हणजे गडद कातडीची गोरी माणसं नव्हेत. त्याला जे आयुष्यभर समजावून सांगावं लागलं, ते न समजण्याचे पैसे दुसऱ्यांना मिळत होते.

२०२० च्या जूनमध्ये, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर, सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय जाहिरात व्यावसायिकांनी धंद्याच्या प्रमुखांना खुलं पत्र लिहिलं. बारा मागण्या होत्या. त्यांतली एक मला फार शहाणपणाची वाटते: तुमचे आकडे जाहीर करा, हुद्द्यांसकट. लाजेकाजेस्तव अनेकांनी केले. इंटरपब्लिक या बड्या समूहाच्या सर्वोच्च व्यवस्थापनात कृष्णवर्णीय २.६ टक्के निघाले. ऑम्निकॉम या दुसऱ्या समूहाचा आकडाही तीन टक्क्यांच्या आतच होता. देशात कृष्णवर्णीय लोकसंख्या तेरा टक्क्यांच्या आसपास. २००६ च्या अडीच टक्क्यांशेजारी हे ठेवून बघा. एका शहरातल्या सोळा एजन्स्या आणि देशभरचे समूह यांची मोजपट्टी एक नाही, हे मान्य. पण चौदा वर्षांनंतरही आपण त्याच खोलीत उभे आहोत, हे कळायला मोजपट्टी लागत नाही.

एकूण टक्केवारी मात्र बरी दिसते, आणि तिथेच फसगत होते. मेलरूम, स्वागतकक्ष, हिशेब, तांत्रिक मदत हे सगळं मिळवलं की आकडा फुगतो. म्हणून मी हुद्द्यांचा आग्रह धरते. ब्रीफ, म्हणजे जाहिरातीतून काय साधायचं याचं टिपण, लिहिणारे किती, ते ऐकून कल्पना सुचवणारे किती, त्यातली कुठली मंजूर करायची हे ठरवणारे किती, आणि गेल्या वर्षात सोडून गेलेले किती. हा शेवटचा आकडा सहसा कुणी देत नाही, आणि जिन्याबद्दलचं सगळ्यात खरं त्यातच असतं.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने विविधतेच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले आणि कितीतरी कंपन्यांनी आपल्या अहवालांतून, पदनामांतून ‘विविधता’ हा शब्दच गुपचूप काढून टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑम्निकॉमने इंटरपब्लिक विकत घेतली. विलीनीकरण म्हणजे कपात, आणि कपातीत कोण आधी जातं हे सत्तरच्या दशकापासून माहीत आहे. मला भीती आहे ती मोजणीच बंद होण्याची. आकडा वाईट असला तर निदान त्यावर भांडता येतं. आकडाच नसला तर प्रत्येक तक्रार एकेकट्या माणसाची कुरकुर होऊन बसते, ओल्डनची झाली तशी.

कायद्याची अडचण पुढे केली जाते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार अमेरिकेत वंश बघून नोकरी नाकारता येत नाही, तशी देताही येत नाही. बरोबर, आणि मी तसं मागतही नाही. मोजायला कायद्याची मनाई नाही. प्रत्येक रिकामी जागा जाहीर करायला नाही. उमेदवारीला पोट भरेल इतका पगार द्यायला नाही. नाव झाकून, पैसे देऊन कॉपी टेस्ट घ्यायला नाही. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून त्यांची लेखी नोंद ठेवायला नाही. यातल्या एकाही गोष्टीने गोऱ्या उमेदवाराचं नुकसान होत नाही. नुकसान होतं फक्त ओळखीपाळखीचं.

आणि ग्राहक कंपन्यांनी बोलायला हवं, कारण एजन्सी ऐकते ती बिल चुकवणाऱ्याचं. २०१६ साली जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने कंत्राटासाठी येणाऱ्या एजन्स्यांना सांगितलं की तुमच्या क्रिएटिव्ह विभागात निम्म्या बायका आणि वीस टक्के अश्वेत माणसं हवीत. ते आकडे आजच्या कायदेशीर हवेत टिकतील की नाही, हा प्रश्न वेगळा. पण एजन्सीने हुद्देवार मोजणी दाखवल्याशिवाय तिला सादरीकरणाला बोलावणार नाही, एवढी अट घालायला कुणाची हरकत आहे? एजन्सी ग्राहकाला टीव्हीवरच्या सेकंदासेकंदाचा हिशेब देते. आपल्या खोलीतल्या माणसांचा हिशेब देणं तिला जड जाऊ नये.

‘गुणवत्तेचं काय?’ हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हाही तोच विचारला गेला होता. महाराजांच्या निर्णयामागे दरबारातल्या नोकरांची साधी मोजदाद होती: कुठल्या जातीचे किती. ती मोजदाद डोळ्यांसमोर आल्यावर गुणवत्तेच्या नावाखाली काय चाललं होतं ते दिसलं. जो समाज मोजला गेला नसता, तो दिसलाच नसता.

म्हणूनच मुंबईकडे बघताना मला अस्वस्थ वाटतं. इथल्या कितीतरी मोठ्या एजन्स्या डब्ल्यूपीपी, ऑम्निकॉम, पब्लिसिस याच जागतिक समूहांच्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये त्यांना निदान वंशाचा हिशेब विचारला गेला. इथे जातीचा हिशेब त्यांना कुणी विचारलेला माझ्या ऐकिवात नाही. वृत्तमाध्यमांबाबत २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी पाहणी केली, तेव्हा पाहणीतल्या १२१ नेतृत्वाच्या जागांपैकी १०६ सवर्णांकडे निघाल्या, आणि दलित-आदिवासींकडे एकही नाही. ज्या धंद्याने १९७५ पासून पंचेचाळीस वर्षं ‘फेअर अँड लव्हली’ याच नावाने गोरेपणा विकला आणि मग २०२० साली फक्त नाव बदललं, त्याच्या खोल्यांत कोण बसत होतं हे विचारायला हरकत नसावी.

गेल्या महिन्यात मी एक कागद घेतला आणि माझ्या जुन्या ऑफिसातल्या माणसांची आडनावं आठवतील तशी लिहून काढली. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला आडनाव वाचलं की बरंच कळतं, नको असलं तरी कळतं. क्रिएटिव्ह, प्लॅनिंग, क्लायंट सर्व्हिसिंग, स्टुडिओ. अडतीस नावं झाली. अकरा वर्षांत जे एकदाही मनात आलं नव्हतं, ते दहा मिनिटांत कागदावर आलं: अडतिसांत एकही आडनाव असं नव्हतं, ज्याच्या घरी चौदा एप्रिलला निळा झेंडा लागत असेल. मग मी खाली आणखी तीन नावं लिहिली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन लाद्या पुसणारी मंगल, चहा आणणारा संतोष, आणि रात्री फिल्मच्या हार्ड डिस्क घेऊन स्टुडिओत धावणारा बाळू. त्यांच्यापुढे आडनावाची जागा कोरी राहिली. त्या तिघांची आडनावं मी कधी विचारलीच नव्हती.